स्पॅनिशमधले ‘असते तर’

गोव्यात स्पॅनिश शिकायला घेतले, की ‘पोर्तुगीज कानावरून गेलेले आहे ना, मग कठीण काय आहे?’ असे कोणीतरी म्हणतेच. सुरुवातीचे धडे खरोखरच सोपे जातात, कारण पाव, बटाटा अशा कितीतरी शब्दांचे भाऊबंद आपल्या बोलण्यात आधीपासूनच नांदत असतात. इम्परफेक्ट सब्जंक्टिव्ह, म्हणजे न घडलेल्या किंवा नुसत्या मनातल्या गोष्टींसाठीची क्रियापदाची रूपे, हे प्रकरण उघडले, की मात्र ही सोय अपुरी पडते. आणि येथे पोर्तुगीजपेक्षा शाळेत पाठ केलेले मराठी व्याकरण, विशेषतः विध्यर्थ आणि संकेतार्थ, अधिक उपयोगी ठरते असे माझे मत झाले आहे.

रूपे कशी तयार होतात, हे सांगायला फार वेळ लागत नाही. साध्या भूतकाळातील ‘ते’चे रूप घ्यायचे, त्याच्या शेवटचे ‘रोन’ काढायचे आणि तेथे ‘रा’ लावायचे. ‘आब्लारोन’ म्हणजे ते बोलले, त्यावरून ‘आब्लारा’, ‘तुबिएरोन’वरून ‘तुबिएरा’, ‘दिखेरोन’वरून ‘दिखेरा’. या नियमाला अपवाद नाही. ज्याला साधा भूतकाळ नीट येत नाही, त्याने या प्रकरणाला हात न लावता मागे जाऊन तो आधी पक्का करावा, कारण येथे होणाऱ्या बहुतेक चुका खरे तर तिकडच्या असतात.

‘रा’च्या जोडीला ‘से’ची दुसरी मालिकाही आहे: ‘आब्लारा’ किंवा ‘आब्लासे’, ‘तुबिएरा’ किंवा ‘तुबिएसे’. दोन्हींचे मूळ लॅटिनमध्ये असले, तरी वाटा वेगळ्या आहेत. ‘से’ची रूपे लॅटिनच्या सब्जंक्टिव्हमधूनच आलेली आहेत, तर ‘रा’ची रूपे मुळात ‘केले होते’, ‘गेला होता’ असे सांगणारी, म्हणजे घडलेल्या गोष्टीची होती आणि शतकानुशतके सरकत सरकत न घडलेल्या गोष्टीकडे आली. पोर्तुगीजमध्ये हे सरकणे झाले नाही. तेथे ‘तिव्हेस’ हा सब्जंक्टिव्ह, तर ‘तिव्हेरा’ म्हणजे अजूनही ‘जवळ होते’ असा पूर्ण भूतकाळ, तोही आता बहुतेक पुस्तकांपुरता उरलेला. शिवाय ‘तिव्हेर’ असे तिसरे रूप आहे, जे पुढे शक्य असलेल्या गोष्टीसाठी वापरतात: ‘वेळ मिळाला तर येईन’. १९६१ पूर्वी लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक शाळेत, शिकलेल्या, पणजीतील एका वृद्ध परिचितांना मी ‘सी तुबिएरा तिएम्पो’ हे वाक्य वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी सहजपणे ‘वेळ मिळाला तर’ असा अर्थ लावला. वाक्याचा अर्थ होता ‘वेळ असता तर’, म्हणजे वेळ नाहीच. पोर्तुगीज जितकी चांगली, तितका हा चकवा मोठा.

मराठीत मात्र ही ‘नाहीच’ची जाणीव तयार मिळते. ‘माझ्याकडे पैसे असते, तर मी पर्वरीला घर घेतले असते’ हे वाक्य ऐकताच पैसे नाहीत आणि घरही नाही, हे ऐकणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. ‘पैसे असले तर घेईन’ आणि ‘पैसे असते तर घेतले असते’ यांतला फरक आपल्याला लहानपणापासून येतो, आणि स्पॅनिशमधील ‘सी तेंगो’ व ‘सी तुबिएरा’ यांतला फरक नेमका तोच आहे. अडचण त्यानंतर सुरू होते. मराठी संकेतार्थ वाक्याच्या दोन्ही अंगांना एकच वेष चढवतो: इकडे ‘असते’, तिकडेही ‘असते’. स्पॅनिश तसे करत नाही. ‘तर’च्या आधी सब्जंक्टिव्ह आणि नंतर कंडिशनल (‘घेतले असते’ असे परिणाम सांगणारे वेगळे रूप), म्हणजे ‘सी तुबिएरा दिनेरो, कोम्प्रारीआ उना कासा’. मराठी मनाला दोन्हीकडे सारखे रूप हवे असते, म्हणून ‘तर’च्या आधीही कंडिशनल लावून ‘सी तेंद्रीआ’ असे तोंडून निघते. (स्पेनच्या उत्तरेस, बास्क प्रदेशात आणि आसपास, तेथले लोकही बोलताना असेच म्हणतात, परंतु परीक्षकापुढे ही सबब चालत नाही.)

दुसरी अडचण काळाची आहे. वरचे घराचे वाक्य आजविषयी आहे की दहा वर्षांपूर्वीविषयी, हे मराठीत संदर्भावरून ठरते. स्पॅनिशला तो संदिग्धपणा मंजूर नाही: आजचे असेल तर ‘सी तुबिएरा’, उलटून गेलेले असेल तर ‘सी उबिएरा तेनिदो’. त्यामुळे मराठी वाक्य मनात आले, की त्याच्या शेवटी ‘आत्ता’ बसते की ‘तेव्हा’, हे आधी पाहण्याची सवय मला लावून घ्यावी लागली.

विध्यर्थाची गोष्ट याहून निराळी. ‘त्याने यावे अशी माझी इच्छा आहे’ आणि ‘त्याने यावे अशी माझी इच्छा होती’ या दोन वाक्यांत ‘यावे’ जागचे हलत नाही. स्पॅनिशमध्ये मुख्य क्रियापद भूतकाळात गेले, की ते मागच्यालाही ओढून नेते: ‘किएरो के बेंगा’, पण ‘केरीआ के बिनिएरा’. पाठ्यपुस्तके हा नियम आगगाडीच्या डब्यांसारखा शिकवतात आणि तेथेच थांबतात, हे मला पटत नाही. ‘दुदो के बिनिएरा आयेर’ हे वाक्य पाहा: शंका आजची, येणे कालचे. ‘तो काल आला असेल असे मला वाटत नाही’ हे मराठीतही तसेच दोन काळांत उभे आहे. तेव्हा केवळ मुख्य क्रियापदाकडे न पाहता, ज्या गोष्टीविषयी बोलतो आहोत ती कोणत्या काळातली आहे, हेही पाहावे लागते.

‘कोमो सी’, म्हणजे ‘जणू काही’, याच्या बाबतीत मराठी आपल्याला मदत करत नाही. ‘जणू काही सगळे माहीत आहे असा बोलतो’ असे आपण वर्तमानकाळात म्हणतो. स्पॅनिशमध्ये तेथे ‘सुपिएरा’च हवे, ‘साबे’ नाही. हे निमूटपणे पाठ करावे.

लिहिताना न जाणवणारी आणि बोलताना पदोपदी नडणारी गोष्ट म्हणजे आघात. मधल्या ‘ब्ला’वर जोर दिला, तर ‘आब्लारा’ हा सब्जंक्टिव्ह. शेवटच्या ‘रा’वर दिला, तर तोच भविष्यकाळ, ‘तो बोलेल’. देवनागरीत दोन्ही सारखेच लिहिले जातात, आणि मराठीत केवळ आघाताने अर्थ बदलत नसल्याने आपला कान तिकडे लक्षच देत नाही. म्हणून ही रूपे देवनागरीत उतरवून पाठ करू नयेत असे मी आता इतरांना सांगतो, जरी येथे मलाच तसे लिहावे लागत असले तरी. मोठ्याने वाचणे आणि दुसऱ्याकडून तपासून घेणे, याला पर्याय नाही.

‘से’ची मालिका ओळखता आली, की पुरे, बोलताना ‘रा’वरच राहावे. त्याला एक व्यावहारिक कारणही आहे. ‘किसिएरा उन काफे’ असे म्हटले, की ते ‘मला एक कॉफी हवी होती’ यासारखे आर्जवी वाक्य होते. होटेलात ‘हवी होती’ म्हणताना आपण कालच्या कॉफीविषयी बोलत नसतो, हे मराठी माणसाला समजावून द्यावे लागत नाही. तेथे ‘किसिएसे’ मात्र चालत नाही.