तुम्ही विचारलंत म्हणून : टॅब दिला तर मुलगा बोलेल का?

फोंड्याच्या बाजारात, देवळाच्या पायरीवर, लग्नाच्या पंगतीत मला हटकून विचारले जाते : 'टॅबच बोलतो म्हटल्यावर तुमचा मुलगा तोंड कशाला उघडेल?' त्याच्या टॅबवर चित्रे आहेत; चित्र दाबले की टॅब तो शब्द मोठ्याने म्हणतो. स्वमग्न मुलाच्या आईला हे सुचले नसेल, असे विचारणाऱ्यांना वाटते. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंना मी नेमके हेच विचारले होते, आणि त्यांनी समजावल्यावरही टॅब कपाटावर ठेवून 'अभ्यासापुरता' अर्धा तास खाली काढत होते.

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधन-आढाव्यात अशी साधने वापरणाऱ्या ज्या २७ जणांच्या नोंदी सर्वांत भक्कम ठरल्या, त्यांतल्या एकाचेही बोलणे घटले नाही आणि बहुतेकांचे वाढले. वाढ बहुधा माफक होती, हे मी नातेवाइकांसमोर गाळते.

माझे मत मात्र आकड्यांनी बदलले नाही. चवथीच्या संध्याकाळी गणपतीवर टांगलेल्या फळा-फुलांच्या माटोळीखाली सगळे घर आरतीला उभे होते. घुमट, शामेळ आणि कासाळे या वाद्यांनी राजांगण, म्हणजे घरातला चौक, दणाणत असताना मुलगा टॅबवरचे एकच चित्र दाबत होता आणि यंत्राचा सपाट आवाज म्हणत होता, 'बंद. बंद. बंद.' आतेसासूबाई म्हणाल्या, 'काढ गो ते खेळणे त्याच्या हातातले,' आणि मी काढले. त्याने कान दाबून धरले, मग खांबावर डोके आपटू लागला. गर्दीत अशा मुलांचे असे होतेच, असे म्हणून सर्वांनी माझेच सांत्वन केले. रात्री त्याच्या कपाळावरच्या टेंगळाला हळद लावताना उमगले की ज्याच्या एका शब्दासाठी मी चार वर्षे नवस बोलले, त्याने तो तीनदा उच्चारला होता आणि मी त्याचे तोंड बंद केले होते.

आता टॅब पट्ट्याने त्याच्या गळ्यात असतो, आणि बोलता बोलता मीही त्यावरची चित्रे दाबते. कोणी वापरताना दिसल्याखेरीज मुलाने ती भाषा उचलावी कशी? घरी 'पाणी', शेजारी 'उदक', शाळेत 'वॉटर' असले, तरी चित्र एकच आणि त्याची जागाही तीच, कारण बोटाला जागा पाठ होते.

तो बोलेल का? अंघोळीच्या वेळी 'पा' म्हणतो. ते पाण्याला उद्देशून असते की नुसताच आवाज, हे मला कळत नाही. यंदा घुमट वाजताना त्याने 'बंद' दाबले, तर आरती थांबवायची की मी त्याला घेऊन परसात जायचे, यावर घरात अजून वाद चालू आहे.