मोत्याचा कान

गिरगाव, 11 जानेवारी

आमच्या मोत्या कुत्र्याचे लाकडी चित्र करतो आहे; आज त्याचा उजवा कान तिसऱ्यांदा कापला आणि या वेळी तो मनासारखा आला. आधीचे दोन्ही तुकडे आकाराने बिनचूक होते, परंतु त्यांत सागवानाच्या रेषा आडव्या जात होत्या. कुत्र्याच्या कानावरचे केस मुळापासून टोकाकडे उतरत जातात, तशा लाकडाच्या रेषाही उतरल्या नाहीत तर तो कान न वाटता नुसती फळी वाटते. इंटार्शियात, म्हणजे वेगवेगळ्या लाकडांचे तुकडे जोडून केलेल्या चित्रात, मी रंग लावत नाही. त्यामुळे सारी मदार लाकडाच्या जातीवर आणि रेषांच्या दिशेवर असते.

अंगासाठी सागवान, नाक आणि डोळ्यांच्या बाहुल्यांसाठी शिसव, छातीवरच्या पांढऱ्या पट्ट्यासाठी शिवणाचे फिकट लाकूड. शिसवाचा तुकडा रे रोडच्या लाकूडबाजारातून आणला. सागवान मात्र आमच्याच चाळीच्या दुरुस्तीत निघालेल्या जुन्या दाराचे आहे, ज्या दाराशी मोत्या आयुष्यभर झोपला. एकूण 43 तुकडे आहेत. शेजारच्या काकूंची दुपारची झोप मोडू नये म्हणून करवतीचे काम मी सकाळीच उरकतो.

गेल्या वर्षी आंब्याच्या लाकडाचे मांजर मी भर जुलैत चिकटवले होते आणि डिसेंबरात त्याचे सांधे उघडले, तेव्हा फार वाईट वाटले. पावसाळ्यात ओल धरलेले लाकूड सुकताना लांबीत जवळजवळ आकसत नाही, रुंदीत मात्र आकसते, हे तेव्हा चांगलेच समजले. म्हणून या खेपेस फळ्या दिवाळीनंतर दोन महिने माळ्यावर पट्ट्या घालून रचून ठेवल्या.

मुस्कट सर्वांत उंच, 20 मिलिमीटर. गाल 14 आणि कान 8. कडा कानशीने गोल करून मग पॉलिश पेपर फिरवला, की उंचसखल भागांवर खिडकीतला उजेड वेगवेगळा पडतो आणि तोंडाला भरीवपणा येतो. सर्वाधिक वेळ डोळ्याने घेतला. बाहुलीतल्या चमकेसाठी शिवणाची टाचणीच्या डोक्याएवढी खुंटी बसवली, ती मधोमध आली आणि मोत्या दचकल्यासारखा दिसू लागला; नवी बाहुली कापून खुंटी किंचित वर घेतली, तेव्हा कुठे त्याची ती शांत, वाट पाहणारी नजर उतरली.

उद्या सगळे तुकडे प्लायवुडवर चिकटवायचे आणि ते पक्के बसल्यावर जवसाचे तेल द्यायचे. दारातल्या एका खिळ्याचे भोक नेमके डाव्या गालावर आले आहे. मोत्याला तिथे खरोखरच जुना व्रण होता, त्यामुळे ते भोक मी बुजवणार नाही.