३२ बिटचा प्रोग्रॅम, ६४ बिटचं कर्नल आणि मधला आयऑक्टल: माझा अनुभव

लिनक्सवर एका सेन्सर कार्डासाठी कर्नल मॉड्यूल (चालू कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, जोडता येणारा कोड) लिहायचं होतं आणि सी प्रोग्रॅममधून त्याला आज्ञा द्यायच्या होत्या. प्रत्येक आज्ञेबरोबर चार-पाच मूल्यं जायची आणि तितकीच परत यायची. नुसत्या रीड-राइटवर हे ओढूनताणून बसवण्यापेक्षा आयऑक्टल, म्हणजे उपकरणाच्या फाइलवर क्रमांक देऊन आज्ञा पाठवणारा सिस्टिम कॉल, सरळ पडतो. कर्नलने आपणहून घटना कळवायच्या असत्या तर मी नेटलिंककडे (कर्नल आणि प्रोग्रॅममध्ये संदेश नेणाऱ्या सॉकेटकडे) वळलो असतो, पण इथे प्रश्न आणि उत्तर, एवढंच काम होतं. अडचण एकच होती: कार्डाबरोबर आलेली कॅलिब्रेशनची लायब्ररी फक्त ३२ बिटची, म्हणून ती वापरणारा प्रोग्रॅमही ३२ बिटचाच, आणि मशीनवर ६४ बिटचं कर्नल.

उपकरणाची फाइल उभी करण्यात फारसं काही नाही. मिसलेनियस डिव्हाइस म्हणून नोंदणी केली की मेजर क्रमांक (ड्रायव्हरचा गट सांगणारा) १० मिळतो, मायनर क्रमांक (त्यातलं नेमकं उपकरण सांगणारा) डायनॅमिक मागता येतो आणि डेव्ह फोल्डरमध्ये फाइल आपोआप दिसते. तिची परवानगी मात्र मुळात फक्त रूटला असते, त्यामुळे साध्या वापरकर्त्याला ओपन करतानाच नकार मिळतो. त्यासाठी यूडेव्हचा (उपकरणांच्या फाइलींची नावं-परवानग्या सांभाळणाऱ्या सेवेचा) नियम लिहावा. फाइल ऑपरेशन्सच्या तक्त्यात (ओपन, आयऑक्टल वगैरेंसाठी कोणतं फंक्शन चालवायचं ते सांगणाऱ्या) ओनर, म्हणजे आपलं मॉड्यूल, भरायला विसरू नये. तो नसेल तर फाइल उघडी असतानाही मॉड्यूल काढता येतं, आणि मग मशीन कोसळतं.

खरं काम हेडर फाइलमध्ये आहे, कारण तीच दोन्ही बाजूंना लागते. आयऑक्टलचा क्रमांक ३२ बिटचा असतो. एक्स८६ वर त्यात २ बिट दिशेचे, १४ बिट स्ट्रक्चरच्या आकाराचे, ८ बिट प्रकाराचे आणि ८ बिट आज्ञेच्या क्रमांकाचे. दिशा वापरकर्त्याच्या बाजूने ठरते: ‘राइट’ म्हणजे प्रोग्रॅम लिहितो आणि कर्नल वाचतं. इथे खूप जणांची उलटापालट होते.

आकार क्रमांकातच बसलेला असतो, हे नीट ध्यानात घ्या. माझ्या स्ट्रक्चरमध्ये पहिल्या मसुद्यात एक यू३२ (३२ बिटची चिन्हरहित संख्या) चॅनेल आणि एक यू६४ (तशीच ६४ बिटची) पत्ता होता. ६४ बिटमध्ये यू६४ ला ८ बाइटची सीमा लागते, म्हणून कंपायलर मध्ये ४ बाइट रिकामे सोडतो आणि आकार १६ होतो. ३२ बिट एक्स८६ वर ४ बाइटची सीमा पुरते आणि तेच स्ट्रक्चर १२ बाइटचं होतं. आकार बदलला की आज्ञेचा क्रमांकही बदलला. एसट्रेस (प्रोग्रॅमचे सिस्टिम कॉल दाखवणारं साधन) लावून पाहिलं तर स्पष्ट दिसतं: अनोळखी आयऑक्टल तो सुटे भाग करून दाखवतो, त्यात शेवटचा आकडा आकाराचा. ६४ बिटच्या प्रोग्रॅमला तिथे हेक्समध्ये १० (म्हणजे १६), ३२ बिटच्याला सी (म्हणजे १२). आणि ३२ बिटच्याच्या ओळीत शेवटी ईनॉटटीवाय, म्हणजे कर्नल म्हणतं अशी आज्ञाच मला माहीत नाही. तक्त्यातली कॉम्पॅट आयऑक्टलची जागा (६४ बिटच्या कर्नलवर ३२ बिटच्या प्रोग्रॅमचे आयऑक्टल जिथे येतात ती) भरलेली असली तरी हेच होतं. ३२ बिट आर्मवर हा फरक पडत नाही, त्यामुळे तिथली चाचणी पास होणं एक्स८६ साठी पुरावा नव्हे.

यू६४ वर आणि यू३२ खाली घेऊन प्रश्न सुटत नाही, कारण मग रिकामे बाइट शेवटी येतात. साधा उपाय: रिकामी जागा आपणच नाव देऊन भरायची. एक यू३२ ‘राखीव’ टाकला की दोन्हीकडे आकार १६. पाहोल हे साधन स्ट्रक्चरमधली भोकं दाखवतं. प्रत्येक बदलानंतर ते चालवावं. लाँग आणि पॉइंटर हेडरमध्ये घेऊच नयेत.

पॉइंटर यू६४ मधून पाठवतानाही एक खोच आहे. ३२ बिटच्या प्रोग्रॅममध्ये पॉइंटर थेट यू६४ मध्ये कास्ट केला तर जीसीसी (सी चा कंपायलर) वरचे बिट चिन्हानुसार, म्हणजे पॉइंटरच्या सर्वांत वरच्या बिटाप्रमाणे, भरतो. ३२ बिट प्रोग्रॅमचा स्टॅक ६४ बिटच्या कर्नलवर पत्त्यांच्या अगदी वरच्या टोकाला असतो, म्हणजे वरचे ३२ बिट सगळे १ होतात, कर्नलला तो स्वतःचाच पत्ता दिसतो आणि ईफॉल्ट (चुकीचा पत्ता, अशी त्रुटी) येतो. आधी यूइंटपीटीआर_टी (पॉइंटरएवढ्या चिन्हरहित संख्येचा प्रकार) मध्ये कास्ट करून मग यू६४ मध्ये घ्यावा.

कर्नलच्या बाजूला कॉपी_फ्रॉम_यूजर (प्रोग्रॅमच्या मेमरीतून कर्नलमध्ये कॉपी करणारं फंक्शन) कॉपी न झालेल्या बाइटांची संख्या परत देतं. ती तशीच परत केली तर प्रोग्रॅमला धन आकडा मिळतो आणि ऋण उत्तरालाच चूक मानणारा कोड पुढे जातो. शून्य नसेल तर ऋण ईफॉल्टच द्यायचा. सगळं स्ट्रक्चर एकदाच कॉपी करून त्याच प्रतीवर तपासणी करावी. तपासून झाल्यावर वापरकर्त्याच्या मेमरीतून तेच मूल्य पुन्हा वाचलं, तर मधल्या क्षणात दुसरा थ्रेड ते बदलू शकतो. स्पिनलॉक (धरलेला असताना झोपायची मुभा नसलेलं कुलूप) धरून ही कॉपी कधीच करू नये, पेज फॉल्ट आला, म्हणजे हवं ते पान मेमरीत नसलं, तर ती झोपू शकते. उत्तराचं स्ट्रक्चर आधी मेमसेटने शून्य करावं, नाहीतर न भरलेल्या बाइटांतून कर्नलच्या स्टॅकवरचा मजकूर बाहेर जातो.

राखीव जागेत शून्याखेरीज काही आलं तर ईइनव्हॅल (अवैध मूल्य, अशी त्रुटी) द्यावा, आणि हे पहिल्याच आवृत्तीपासून. आज तिथे काहीही चालवून घेतलं तर उद्या त्या जागेला अर्थ देता येत नाही, कारण जुने प्रोग्रॅम तिथे कचरा पाठवत असतात.