रिपोर्ट नॉर्मल आहेत

"रिपोर्ट एकदम नॉर्मल आहेत. रोज चालायला जा, वेळ हळूहळू वाढवा. आपोआप तरतरी येईल."

ताईने मान डोलावली. दवाखान्याचा अर्धा जिना उतरली आणि पायरीवरच बसली. "पाच मिनिटं थांब गं." पाचाची पंचवीस झाली.

सकाळी तिने केस धुतले होते. डॉक्टरकडे जायचं म्हणून. आजची सगळी ताकद तिथेच संपली होती, बहुतेक उद्याचीही.

डॉक्टरांचा राग नाही आला. (खोटं कशाला, थोडा आलाच.) ताईचा आजार, क्रॉनिक फटिग सिंड्रोम (विश्रांतीनेही न जाणारा टोकाचा थकवा), पकडणारी रक्ताची चाचणीच नाही. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या 'नाइस' संस्थेनेही २००७ साली असाच सल्ला दिला होता: व्यायाम टप्प्याटप्प्याने वाढवा. २०२१ मध्ये तो मागे घेतला. थोड्याशा श्रमानेही त्रास उसळणं हीच तर या आजाराची खूण. सल्ला मागे घेण्यावरून तिथल्या डॉक्टरांतच जुंपली. ऑगस्टमध्ये यायची नवी मार्गदर्शक तत्त्वं आदल्या दिवशी अडली, ऑक्टोबरअखेर आली.

रिक्षात ताई फाइल मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "एखादा तरी आकडा ठळक छापून यायला हवा होता गं."

रिपोर्टमध्ये काहीतरी निघावं, असं तुमच्या घरात कुणाला कधी वाटलंय?