आमची वाटचाल: जळगावचे वॉटरस्लाइड डेकल

आम्ही वॉटरस्लाइड डेकल छापतो, म्हणजे पाण्यात भिजवून कागदावरून मॉडेलवर सरकवायची अक्षरं. आमच्या शीटवर रंगाखाली पांढरा थर असतो, आणि आमची ओळख त्यावरच उभी आहे. घरच्या प्रिंटरला पांढरी शाई नसते. पारदर्शक डेकल पेपरवर पिवळी अक्षरं छापून लाल एसटीवर लावा: कागदावर ठसठशीत दिसतात, बसवर टेकली की लालात गडप होतात. पांढऱ्या पेपरवर लाल पार्श्वभूमीसकट छापलं तरी कडेला पांढरी रेघ राहते, आणि छापलेला लाल बसच्या लालाशी कधीच जुळत नाही. ‘चोपडा–यावल–भुसावळ’ ही पाटी १:५० च्या मॉडेलवर वाचता यावी, एवढ्यासाठी आम्ही पहिल्यापासून स्क्रीन प्रिंटिंग, म्हणजे ताणलेल्या जाळीच्या कापडातून शाई दाबून छापणं, धरलं.

लग्नपत्रिकांवर ज्यांचा हात बसलाय त्यांना ही अवजारं ओळखीची. फरक कापडात आहे. आम्ही सेंटीमीटरला १२० धाग्यांचं कापड वापरतो. त्याहून जाड कापडातून पांढरा भरपूर उतरतो, पण ‘ध्य’मधली पोकळी बुजते. कापड ढोलासारखं ताणलेलं हवं; सैल असेल तर स्क्विजी, म्हणजे शाई दाबायची रबरी पट्टी, ओढताना सरकतं आणि पिवळ्याच्या कडेने पांढरा डोकावतो. आधी डिंकाच्या कागदावर पारदर्शक वार्निश, तेही फक्त अक्षराभोवती. त्यावर पांढरा, मग रंग. प्रत्येक थर पूर्ण वाळल्याशिवाय पुढचा नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ ला टेकतो, दुपारी शाई जाळीतच सुकते. म्हणून उन्हाळ्यात छपाई पहाटे, शाईत रिटार्डर (शाई सावकाश सुकवणारं द्रावण) घालून. कोरडा कागद गुंडाळी होतो, तो पिशवीत हवाबंद करून वजनाखाली सपाट ठेवावा लागतो.

भुसावळचे नाना नसते तर हे काम एसटीच्या पाट्यांवरच थांबलं असतं. नाना इलेक्ट्रिक लोको शेडमधून निवृत्त झालेले, एचओ मापाची, म्हणजे १:८७ ची, मॉडेल इंजिनं करतात. ते फोटो पाठवत नाहीत, माप आणतात. खऱ्या इंजिनावर अक्षर १५० मिलिमीटर उंच असेल तर १:८७ ला ते १.७ मिलिमीटर होतं. त्या उंचीला शिरोरेषा पाव मिलिमीटरची. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ती तीन ठिपक्यांत बसवावी लागते आणि मात्रांच्या कडा दातेरी येतात. ६०० ला सहा ठिपके मिळतात, तेव्हा कुठे ‘मध्य रेल’ वाचता येतं. पॉझिटिव्ह, म्हणजे जिच्यावरून अक्षर जाळीवर उतरवतात ती प्रत, ट्रेसिंग पेपरवर नको, फिल्मवरच काढायची, हा आग्रह नानांचा. त्यांच्या ‘डब्ल्यूएजी-५’ या मालगाडीच्या विजेवरच्या इंजिनासाठी केलेली शीट आजही आमची सगळ्यात जास्त जाणारी शीट आहे.

मग कागदाचा पुरवठादार तोच राहिला, पण त्याचा कागद बदलला. वेष्टन तेच, भाव तोच. गिऱ्हाइकांचे फोन सुरू झाले: पाण्यात टाकताच डेकलचे तुकडे होतात. या बदललेल्या डिंकाच्या कागदावर कारखान्यातूनच एक पातळ थर आला होता, तो ठिसूळ होता. भिजल्यावर कागद फुगतो, थर ताणला जातो, लवचीक नसला की तडकतो. पुरवठादाराने हात वर केले, म्हणे तुमची शाई खराब. आम्ही कोरा कागद, एक थेंबही शाई न लागलेला, त्यांच्यासमोर पाण्यात टाकला. तोही तडकला. पैसे तरीही परत मिळाले नाहीत. आम्ही मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाला शीट बदलून दिली. दुकान विकायला निघालं होतं. नानांनी त्या काळात वर्षभराची ऑर्डर आगाऊ पैसे देऊन नोंदवली. उरलेल्या छापील शीटवर लवचीक वार्निशचा आणखी एक सलग हात ओढून आम्ही त्या वाचवल्या. फक्त त्या अक्षराच्या अगदी कडेने कापाव्या लागतात. तेव्हापासून नवीन गठ्ठा आला की आधी एक कोरा तुकडा पाण्यात. तुमच्याकडे जुनी, पिवळट पडलेली शीट असेल तर तुम्हीही हेच करा.

त्यानंतर धंदा सुरळीत चालला.

राग आहे तो मोठ्या शहरातल्या एका विक्रेत्याचा. त्याने आमच्या शीट स्कॅन केल्या, इंकजेटवर काढल्या आणि अर्ध्या भावात विकल्या. नक्कल केली हे एक वेळ सोडू. त्याने वर सीलच, म्हणजे पाणी अडवणारा पारदर्शक थर, मारलं नव्हतं. इंकजेटची शाई बहुतेक वेळा पाण्यात विरघळते; लोकांच्या वाटीत रंग उतरला आणि नाव बद्दू झालं ते घरगुती डेकलचं. इंकजेट वाईट नाही. छापून एक दिवस वाळू द्या, मग क्लिअर ॲक्रिलिक स्प्रेचे तीन पातळ हात, मध्ये वीस मिनिटं. पहिला हात लांबून, धुक्यासारखा. ओला पडला तर शाई पसरते. कापताना अक्षराबाहेर मिलिमीटरभर जागा सोडा, नाहीतर कडेतून पाणी शिरतं. इंकजेटचा पेपर लेझर प्रिंटरमध्ये घालू नका, आतल्या उष्णतेने थर वितळून रोलरला चिकटतो.

लावताना सगळ्यात जास्त बिघडतं ते मॅट रंगावर. खरखरीत पृष्ठभागात हवा अडकते आणि डेकलखाली चंदेरी चकाकी दिसते. आधी ग्लॉस क्लिअर (चकचकीत पारदर्शक लॅकर) मारून एक रात्र जाऊ द्या. पावसाळी हवेत लॅकर पांढुरकं पडतं, त्या दिवशी स्प्रे नको. बोअरचं पाणी क्षाराचे डाग सोडतं, बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी घ्या (ॲसिड नव्हे). डेकल दहा सेकंद बुडवा, काढून मिनिटभर ठेवा. उचलू नका, ओल्या ब्रशने सरकवा. पाणी मधून कडेकडे काढा. रिव्हेटवर किंवा इंजिनाच्या हवेच्या झडपांवर मायक्रो सोल, म्हणजे डेकल मऊ करणारं द्रावण, लावा. डेकल सुरकुतेल, घाबरून बोट लावलं तर गेलं. वाळताना ते स्वतःच खाली बसतं. झडपांच्या फटींवर वाळल्यावर नव्या ब्लेडने चिरा द्या आणि पुन्हा एक थेंब. घरी सील केलेल्या डेकलवर हे द्रावण आधी कोपऱ्यात तपासा, काही स्प्रे त्यात विरघळतात. वाळल्यावर ओल्या कापडाने डिंक पुसून मगच शेवटचा क्लिअर.

ऑर्डर देताना मॉडेलचं प्रमाण, खऱ्या अक्षराची उंची आणि मॉडेलला दिलेल्या रंगाचा प्लास्टिकवर मारलेला नमुना पाठवा. मोबाइलवरचा फोटो रंगासाठी चालत नाही.