कूलरसमोरची भिंत

मराठवाड्यातल्या बैठकीत मोठी मोकळी भिंत बहुधा एकच असते आणि कूलरचं तोंड नेमकं तिच्याकडेच असतं. खिडकीत कूलर, समोर सोफा, सोफ्याच्या वर चित्र. होळीपासून मृगापर्यंत ओली हवा दिवसभर त्या चित्रावर आदळत राहते. पुढे कधीतरी फ्रेमकडे नीट लक्ष जातं, तेव्हा आतल्या कागदाला लाटा आलेल्या असतात. "प्रिंटच हलकी निघाली," असं म्हणून विषय संपतो. प्रिंट बिचारी चांगली असते. कागद ओलाव्याने फुगतो, कूलर बंद झाला की कोरड्या हवेत आकसतो. चारी बाजूंनी चिकटपट्टीने जखडलेला असेल तर फुगायला जागा कुठून मिळणार? मग तो मधूनच वर उचलतो. फ्रेम करणाऱ्याने दाखवलेली ही 'मजबुती' बहुतेक चित्रांना भोवते.

छापील चित्र भिंतीवर लावणं आपल्याला नवं नाही. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथल्या शिळाछापाच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या. आता देवघराबाहेरच्या भिंतीवर चित्रकार रझांचा बिंदू किंवा हुसेनांचे घोडे असावेत असं वाटू लागलंय, एवढाच फरक. मूळ रंगचित्राची किंमत ऐकूनच माणूस मागे फिरतो. पण सेरिग्राफ (जाळीच्या पडद्यातून छापलेलं), एचिंग (आम्लाने कोरलेल्या पत्र्यावरून छापलेलं), लिनोकट (लिनोलियमवर कोरलेल्या ठशाचं) यांतलं काहीतरी नोकरदाराच्या खिशाला झेपू शकतं.

घेण्याआधी एक भिंग घ्यावं, दहापट मोठं दाखवणारं. ते प्रिंटवर टेकवलं की अर्धी फसवणूक तिथेच थांबते. चार रंगांचे ठिपके फुलांच्या पाकळ्यांसारखे गोल मांडलेले दिसले तर तो साधा ऑफसेट, म्हणजे कॅलेंडर छापतात तोच प्रकार. ठिपके विस्कळीत, तुषारासारखे असतील तर इंकजेट. चांगल्या कागदावरच्या इंकजेटलाच 'जिक्ले' असं भारदस्त नाव आहे. सेरिग्राफमध्ये ठिपके सहसा नसतात, रंगाचा सलग थर असतो, आणि तिरप्या उजेडात त्याची कड किंचित उंच दिसते. एचिंगमध्ये पत्र्याच्या दाबाने चित्राभोवती चौकोनी खळगा उमटलेला असतो. बोट फिरवायचा मोह आवरावा, नुसत्या डोळ्यांनाही तो दिसतो.

खाली पेन्सिलीने १२/७५ लिहिलेलं असतं, म्हणजे पंच्याहत्तर प्रतींतली बारावी. बारावी ही साठावीपेक्षा सरस, असा त्याचा अर्थ नाही. 'ए.पी.' म्हणजे चित्रकाराने स्वतःसाठी ठेवलेली प्रत. ऑफसेटवर सही करून आकडा टाकला की ते 'लिमिटेड एडिशन' म्हणून विकता येतं, आणि विकलंही जातं. सही खरी असेलही, पण छपाई कॅलेंडरचीच राहते. त्यापेक्षा कला महाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनातून एखाद्या विद्यार्थ्याचा वुडकट, म्हणजे लाकडी ठशाचं चित्र, घ्यावा. तो त्याने स्वतः कोरलेला आणि स्वतः छापलेला असतो.

घरीच छापून घ्यायचं असेल तर आधी हक्क बघावेत. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्व राहतं. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, अमृता शेरगिल १९४१ मध्ये. त्यांची चित्रं मोकळी झाली आहेत. हुसेन २०११ मध्ये गेले आणि रझा २०१६ मध्ये, तेव्हा त्यांची चित्रं इंटरनेटवरून उचलून छापायची नाहीत. ए-थ्री आकाराला ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, साधारण ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवरून आलेली फाईल या कामाची नाही. शाई 'पिगमेंट', म्हणजे रंगाच्या बारीक कणांची, आहे का, हे विचारावं. पाण्यात विरघळलेल्या रंगाची 'डाय' शाई उन्हात लवकर उडते. ऊन काय करतं ते पाहायचं तर कुठल्याही जुन्या कटिंगच्या दुकानात जावं: पोस्टरातल्या नटाचे ओठ आणि गाल निळसर झालेले असतात, कारण पिवळा आणि गुलाबी रंग आधी जातो, निळा-काळा मागे उरतो.

आता फ्रेम. चांगल्या चित्राची वाट इथेच लागते, म्हणून जरा थांबून बघू.

प्रिंट फक्त वरच्या कडेला, दोन ठिकाणी टांगायची. त्यासाठी पातळ जपानी कागदाच्या दोन-अडीच सेंटिमीटर रुंद पट्ट्या आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ लागते. संग्रहालयांतही हीच खळ वापरतात. ज्या घरात उन्हाळ्यात कुरडया होतात तिथे तिचं मूळ सामान तयारच असतं: तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक. फक्त मीठ-हिंग पडायच्या आधी तो बाजूला काढायचा, पाण्यात दोन-तीनदा निवळू द्यायचा, वरचं पाणी ओतून तळाचं पांढरंशुभ्र सत्त्व वाळवायचं. एक वाटी सत्त्वाला चार-पाच वाट्या पाणी, मंद आच, आणि वीस-पंचवीस मिनिटं सतत हलवणं. दुधाळपणा जाऊन खळ काचेसारखी झाली की उतरवायची, थंड झाल्यावर गाळणीतून घासून काढायची आणि थोड्या पाण्याने सायीइतकी सैल करायची. चार-पाच दिवसांत आंबते; वास आला की टाकून द्यावी. हिचा गुण असा की पन्नास वर्षांनी थेंबभर पाणी लावलं तरी सुटते. पांढरा गोंद तसा सुटत नाही, आणि चिकटपट्टीचा डाग कागदात कायमचा मुरतो. अवगुणही आहे: कसरीला ही खळ आपल्याइतकीच आवडते. त्यामुळे फ्रेमची पाठ पाण्याने चिकटणाऱ्या कागदी पट्टीने सगळीकडून बंद करावी.

माउंट, म्हणजे चित्राभोवतीची खिडकी कापलेली पुठ्ठ्याची चौकट, आम्लविरहितच मागावं. दुकानात नेहमी मिळणारं पुठ्ठ्याचं माउंट काही वर्षांत कापलेल्या कडेला पिवळं पडतं आणि तो पिवळेपणा चित्रावर उतरतो. ए-थ्री प्रिंटवर खिडकी चारी बाजूंनी चार मिलिमीटर चढवायची. माउंटची रुंदी वर आणि बाजूंना सहा सेंटिमीटर, खाली सात. खाली थोडं जास्त नसेल तर चित्र घसरल्यासारखं दिसतं. हिशेब करून फ्रेमचं आतलं माप ४१ बाय ५४ सेंटिमीटरच्या आसपास येतं, त्यात दीड-दोन मिलिमीटर सैल ठेवावं. चित्राखाली सही-आकडा असेल तर खिडकी मोठी कापायची. सही माउंटखाली गाडून ठेवणारे कारागीर आहेत. काच, माउंट, पाठीचा बोर्ड, हार्डबोर्ड मिळून आठ मिलिमीटर सहज होतात, म्हणून फ्रेमच्या पट्टीची खाच दहा-बारा मिलिमीटर हवी. उथळ पट्टीत सगळं ठोकून बसवलं की काच थेट कागदाला चिकटते.

एमडीएफवर (लाकडाच्या भुश्याच्या दाबलेल्या फळीवर) गरम दाबून केलेलं लॅमिनेशन स्वस्त पडतं, काच लागत नाही, पुसायला सोपं. पण ते पुन्हा निघत नाही. वरून चकाकी चढवण्याचा मोह जुनाच आहे. निजाम सरकारने १९२० नंतर इटलीहून बोलावलेल्या जाणकारांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर लाखेचं व्हार्निश दिलं. रंग त्या वेळी उजळले, नंतर तो थरच पिवळा पडला आणि काढता काढता पुढच्यांच्या नाकी नऊ आले. त्यांचा हेतू चित्रं वाचवण्याचाच होता.

भिंत निवडताना पश्चिमेची बाहेरची भिंत सोडून द्यावी. दिवसभर तापते, रात्री आत उष्णता सोडते, आणि पावसाची झड बहुधा तिच्यावरच. दोन खोल्यांमधली आतली भिंत सगळ्यांत सुखरूप. जुन्या माळवदाच्या घरात भिंत दोन-दोन फूट जाड असते, पण आत माती. खिळा जितका सहज जातो तितकाच सहज निघतो. तिथे तुळईला दोरी बांधून चित्र सोडावं, किंवा पूर्वीची सागवानी खुंटी असेल तर तिचाच मान राखावा. काळ्या दगडाला उलटा त्रास, खिळाच वाकतो. सहा मिलिमीटरचं ड्रिल, चार सेंटिमीटर खोल भोक, त्यात प्लास्टिकची गिट्टी आणि स्क्रू. फ्रेम अर्ध्या मीटरपेक्षा रुंद असेल तर दोन स्क्रू, नाहीतर दार आपटलं की चित्र कलतं. खालच्या दोन कोपऱ्यांवर रबराच्या टिकल्या लावून पाठीमागे हवा खेळू द्यावी.

उंचीचा संग्रहालयांतला अंदाज असा, की चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटर. तो उभ्या माणसाचा. खाली गादी-लोडाची बैठक असेल तर १२० वर आणावं. एवीतेवी तिथे कोणी उभं राहून चित्र बघत नाही. उजेड पिवळसर एलईडीचा, बाजूने, काचेत दिवा दिसणार नाही असा. संग्रहालयात कागदावरच्या चित्रांना साधारण ५० लक्स (लक्स हे उजेडाचं माप) उजेड देतात. बाहेर भर दुपारी लाखभर लक्स असतात, हे खिडकीचा पडदा सारताना आठवलेलं बरं.

आणि कूलरसमोरची ती भिंत? चित्रासाठी दुसरी जागा नसेलच, तर उन्हाळ्यापुरतं ते उतरवून आतल्या खोलीत लावावं आणि त्या खिळ्यावर कॅलेंडर अडकवावं. त्याला डिसेंबरपर्यंतच टिकायचं असतं.