तुम्ही विचारलंत म्हणून: तिकडे किती गोळ्या झाडल्या?

"किती गोळ्या मारलाव ओ मामा तिकडं?"

कटिंगच्या दुकानात, लग्नाच्या पंगतीत, सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडावंदन झाल्यावर, हा प्रश्न ठरलेला. २०१२-१३ मध्ये मी संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोपीत दक्षिण सुदानला होतो. तो देश तेव्हा दीड-दोन वर्षांचा. ९ जुलै २०११ ला स्वतंत्र झालेला. आमचा तळ मलाकालला, पांढऱ्या नाईलच्या काठी.

तर उत्तर: एकही नाही. मी गाईंच्या जखमा धुतल्या. भारतीय तुकडीचा तिथं जनावरांचा दवाखाना होता आणि मी डॉक्टर साहेबांच्या हाताखाली ड्रेसर. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो.

शांतिसेनेत गाई कशाला, असं वाटेल. तिकडं नवऱ्याकडून मुलीच्या घरी जाणारा हुंडा गाईंत, दंड गाईंत, वैरही गाईंवरूनच. रात्री एका जमातीची पोरं दुसरीचा कळप पळवतात, मग बदला, मग बदल्याचा बदला. डिंका लोकांत पोरांची नावंसुद्धा बैलाच्या रंगावरून असतात. माबिओर म्हणजे पांढरा बैल, माजोक म्हणजे काळा-पांढरा. त्यांचे मोठे नेते जॉन गरांग यांच्या नावातलं माबिओर तेच. माझं गाव सांगोल्याकडचं, घरात कोसा खिलार बैल. हे ऐकलं आणि मला परक्या देशात आल्यासारखं वाटेनासं झालं. इथंच माझी चूक झाली.

जायच्या आधी दिल्लीत शिकवतात: कुणाला कसं भेटायचं, काय बोलायचं नाही. खिशात ठेवायला कार्डही मिळतं. वाईट नाही ते, पण मी मनात म्हणालो, सोलापूरच्या माणसाला हे काय शिकवता? मी मामाकडे शिकलो, पूर्व भागात. शेजारी मागाची खटखट, गल्लीत तेलुगू, किराणावाल्याशी कन्नड, मित्रांशी दखनी, घरी मराठी. माणूस बघून जीभ वळते आपली. चुकलं तर समोरचा हसतो आणि मराठीत उत्तर देतो, संपलं.

दुसऱ्याच आठवड्यात एक माणूस पाय सुजलेलं वासरू घेऊन आला. मी नुकताच शिकलेला डिंका नमस्कार ठोकला, "कुदवाल!" त्यानं माझ्याकडे बघितलं, दावं हातात गुंडाळलं आणि वासरू ओढत कुंपणापाशी जाऊन बसला. दुभाषा हळूच म्हणाला, "कपाळ बघितलं नाहीस?" कपाळावर एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत सहा रेघा कापलेल्या. म्हणजे नुएर माणूस, डिंकांशी वैर असलेल्या जमातीचा. त्यांचा नमस्कार "माले", आणि त्याचा अर्थ शांतता. मी शांतिसैनिक, आणि तोच एक शब्द चुकलो होतो. वासराचा पाय शेवटी दुपारी धुतला. तोवर त्यावर माश्या घोंगावत होत्या.

चुकीच्या भाषेवर हसायला आपल्याला परवडतं, कारण सोलापुरात भाषेवरून कुणी कापून काढत नाही. तिकडं डिसेंबर २०१३ मध्ये यादवी पेटली, बोली ऐकून आणि कपाळाच्या रेघा बघून माणसं मारली गेली. तोवर आमची तुकडी परत आली होती. मी घरात बातम्या बघत होतो. मलाकाल या हातातून त्या हातात गेलं, उजाड झालं. हजारो लोक तळाच्या कुंपणाआत आले. अकोबो गावच्या तळावर तर आसऱ्याला आलेल्या डिंका लोकांवर सशस्त्र नुएर पोरं चालून आली, त्यात आपले जवान पडले. त्या जवानांना नमस्कार येत नव्हता असं थोडंच आहे? रीतभात कळली की गोळी थांबते, असं मी कुणाला सांगत नाही.

मग उपयोग काय? एक प्रसंग सांगतो. एक पोरगा देखणी तांबडी गाय घेऊन आला. आम्ही सुई टोचली, तो गेला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या जमातीचे चार म्हातारे दारात. गाय त्यांची होती, पळवलेली. कानाच्या कापावरून त्यांच्यातल्या कुणीतरी ओळखली होती. "तुम्ही चोराची गाय बरी करता, म्हणजे तुम्ही त्यांचे." आमच्या हिशोबी आजारी गाय म्हणजे आजारी गाय. साहेबांनी त्यांना सावलीत बसवलं, चहा दिला, दोन तास ऐकून घेतलं. त्यानंतर कान बघितल्याशिवाय आम्ही सुई भरली नाही, आणि संशय आला तर आधी दुभाष्याकडून गावच्या मोठ्या माणसाला निरोप जायचा. गाय परत गेली का, मला ठाऊक नाही. ते म्हातारे मात्र पुढच्या महिन्यात स्वतःची जनावरं घेऊन आले.

इकडं लोक कौतुकानं म्हणतात, "आपल्या कोटणीसांसारखं केलंत." नको हो. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, चिनी शिकले, तिथंच लग्न केलं आणि १९४२ मध्ये तिथंच वारले. मला चाळीस शब्द येत होते, त्यातला पहिलाच चुकलेला.

गाईसाठी आलेल्या त्या चार म्हाताऱ्यांतल्या एकाला मी पहिल्या दिवशी सहज विचारलं होतं, "किती गाई तुमच्या?" तो गप्प. बँकेत शिल्लक किती, असं कुणी भर चौकात विचारावं, तसं झालं ते. पण निघायच्या आधी तोच माझ्याशेजारी येऊन बसला आणि दुभाष्याकडून म्हणाला, तुझ्या घरी बैल आहेत म्हणतात. म्हटलं, आहेत, पण यंदा दुष्काळ. चारा छावणीत बांधलेत. छावणी म्हणजे काय हे समजावता समजावता दुभाष्याला घाम फुटला. शेकडो जनावरं एका जागी, सरकारी चारा, टँकरचं पाणी. म्हाताऱ्यानं नीट ऐकलं.

"रात्री राखतं कोण?"

"धाकटा भाऊ. तिथंच झोपतो, बैलांजवळ."

"भाला आहे त्याच्याकडे?"

"नाही. मोबाईल आहे."

तो बराच वेळ हसला. मग गंभीर होऊन त्यानं बैलांचा रंग विचारला.